खिन्नतेचे दुखणे आणि मित्रांचे कर्तव्य

गावात एखाद्याचा पाय मोडला, तर काय करावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. कोणी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतो, कोणी त्याच्या बैलांच्या वैरणपाण्याकडे पाहतो, शेजारीण त्याच्या घरी भाकरी पोचविते. शेतीचे काम अडले असेल तर पूर्वी इर्जिक घालीत. ज्याचे काम मागे पडले त्याने हाक द्यावी, गावकऱ्यांनी आपापली औते घेऊन यावे, दिवसभर राबावे आणि रात्री त्याच्या घरी जेवून परतावे, अशी ही जुनी चाल. ट्रॅक्टर आल्यापासून इर्जिकीचे प्रसंग कमी झाले, तरी तो शब्द आणि त्यामागची भावना अजून सर्वांना ठाऊक आहे. पण मोडले आहे ते मन असेल, तर त्याच गावातील तीच माणसे गोंधळून जातात. काय बोलावे हे त्यांना सुचत नाही, आणि जे सुचते ते बहुधा बोलू नये असे असते. हा गोंधळ का होतो आणि तो कसा टाळावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. तथापि त्यावर एखाद्याचे जगणे अवलंबून असते, हे आम्ही आमच्या गावी पाहिले आहे.

आमचे पिंगळी हे परभणीच्या जवळचे गाव. परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर गाडी प्रथम थांबते ती आमच्या स्थानकावर. आम्ही पाच जण लहानपणापासूनचे सोबती. दिवसभर आपापले शेत, आणि दिवस मावळला की चहाच्या हॉटेलात बैठक, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. पाचांपैकी एक जण त्या बैठकीचा म्होरक्या होता. त्याच्या नकला आणि त्याचे किस्से यांवाचून बैठक रंगत नसे. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. हा मजकूर त्याला वाचून दाखवून, त्याच्या संमतीनेच आम्ही छापावयास देत आहोत.

एका दिवाळीनंतर हा गृहस्थ बैठकीला येईनासा झाला. कापसाला भाव बेताचा होता हे खरे, पण त्याहून वाईट वर्षे त्याने पूर्वी हसत काढली होती. आता मात्र तो पहाटे तीन वाजता उठून ओट्यावर बसे आणि दिवसा बाजेवर पडून राही. ताटातली भाकरी अर्धी टाकून उठे. वेचणीला आलेला कापूस पऱ्हाटीवर लोंबत राहिला, तरी त्याचे पाऊल शेताकडे वळेना. वहिनी म्हणत, "काही विचारलं तर हो-नाही एवढंच बोलतात. मला तर घरात माणूस असून नसल्यासारखं झालंय." आम्ही चौघे त्याचे जिवलग म्हणविणारे. आम्ही त्या काळात जे केले त्यातले बहुतेक चुकीचे होते. त्या चुका सांगण्यापूर्वी हे दुखणे काय असते ते नीट पाहू.

दुःख आणि खिन्नतेचे दुखणे या दोन गोष्टी एक नव्हेत. घरातले माणूस गेले, पीक बुडाले, मुलीचे लग्न मोडले, तर मनुष्याला दुःख होणारच. पण दुःखी माणसालाही नातवाने गळ्यात हात टाकला की क्षणभर हसू येते, आणि दिवस जातात तशी दुःखाची धार बोथट होते. खिन्नतेच्या दुखण्यात हे घडत नाही. मन उदास असणे, किंवा ज्यात पूर्वी गोडी वाटे त्यात काहीच गोडी न वाटणे, हे तिचे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार येते, भूक मंदावते, अंगात त्राण राहत नाही, एका गोष्टीवर चित्त ठरत नाही, हालचाल व बोलणे मंद होते, आपण कुचकामी आहोत, घरच्यांना भार आहोत असे वाटू लागते, आणि पुढेपुढे मरणाचे विचार येतात. यांपैकी अनेक लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकली, आणि त्यांनी नित्याचे काम अडले, तर वैद्यकशास्त्र त्याला आजार मानते. पुरुषांमध्ये पुष्कळदा उदासीऐवजी चिडचिड दिसते, आणि कित्येक जण मनाची तक्रार न सांगता डोके, पाठ आणि पोट यांच्या दुखण्याचीच तक्रार करतात. त्यामुळे आजार ओळखू येण्यास आणखी उशीर होतो.

ही गोष्ट पाश्चात्त्यांकडून आलेली आहे असे कोणी समजू नये. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. आजार जुना आहे, त्याची ओळख जुनी आहे. नवी आहे ती त्याची मोजणी आणि त्यावरील उपचार. २०१५-१६ साली आपल्या देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात असे आढळले की प्रौढांपैकी सुमारे वीसात एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या दुखण्याने गाठलेले असते. याहून अधिक विचार करायला लावणारा आकडा पुढे आहे: अशा रुग्णांपैकी शंभरातील सुमारे ८५ जणांना कोणताच उपचार मिळत नव्हता. दवाखाने कमी आणि डॉक्टर दूर हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, हा आजार आहे हे रुग्णाला वाटत नाही आणि त्याच्या मित्रांनाही वाटत नाही. पहिले कारण दूर करणे सरकारचे काम आहे. दुसरे मात्र तुमच्याआमच्या हातात आहे.

आता आमच्या चुका. पहिली चूक उपदेशाची. आम्ही त्याच्या ओट्यावर बसून म्हणालो, "गड्या, मन घट्ट कर. असं खचून कसं चालेल?" बोलणे प्रेमाचेच होते. पण मन घट्ट करण्याची जी शक्ती तीच या दुखण्यात क्षीण झालेली असते. पाय मोडलेल्याला "ऊठ, चालून दाखव" म्हणावे तसे हे झाले. त्यातून रुग्ण असा अर्थ काढतो की, दोष आपला आहे, आपणच दुबळे आहोत. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मनाला आम्ही दोषाचे आणखी एक कारण पुरविले.

दुसरी चूक तुलनेची. "तुला काय कमी आहे? बारा एकर जमीन आहे, पोरं गुणाची आहेत. गावात लोकांचे हाल बघ." हा युक्तिवाद आम्हाला बिनतोड वाटला. वस्तुतः त्याचा परिणाम उलटा झाला. त्याने पुढे आम्हाला सांगितले की, हे ऐकल्यावर त्याच्या मनात आले, सगळे असूनही ज्याला सुख वाटत नाही असा माणूस जगायला नालायकच म्हणायचा. खिन्नता सुखसाधनांची यादी पाहून येत नाही, आणि यादी वाचून दाखविल्याने जात नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याच्यावर खरोखर कर्जाचा डोंगर आहे, त्याच्या विवंचनेला केवळ मनाचा आजार म्हणून झटकून टाकणेही तितकेच चुकीचे आहे. मराठवाड्याने आणि विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या फार पाहिल्या. पिकाचा भाव, पाणी आणि पतपुरवठा हे प्रश्न गोळीने सुटणारे नाहीत. कर्ज आणि खिन्नता एकाच माणसाच्या वाट्याला आली असतील, तर दोहोंवर उपाय करावे लागतात.

तिसरी चूक करमणुकीची. त्याला बळेच जत्रेला नेले, लग्नाच्या वरातीत ओढले, आणि आमच्यातल्या एकाने तर "दोन घोट घे, बरे वाटेल" म्हणून दारूही पुढे केली. गर्दीत तो अधिकच मिटून गेला. दारूने खिन्नता हटत नाही. रात्रीपुरती गुंगी येते, पण झोप आणखी बिघडते, मन आणखी खाली जाते, आणि अविचार घडण्याचा धोका वाढतो.

चौथी चूक सर्वांत मोठी, आणि ती चूक आहे असे आम्हाला त्या वेळी वाटलेही नाही. आम्ही जाणे सोडले. भांडण नव्हते, राग नव्हता. "त्याला एकटं राहायचं आहे, राहू द्या. वाटलं की येईल," असे म्हणून आम्ही आपापल्या कामाला लागलो. तीन वेळा बोलावून जो येत नाही त्याला चौथ्यांदा बोलावू नये, हा व्यवहारातला नियम आम्ही त्याला लावला. येथेच इर्जिकीची आठवण होते. इर्जिकीला हाक लागते. ज्याचे काम अडले आहे त्याने ती द्यायची असते. खिन्नतेच्या दुखण्यात नेमकी हाकच बंद होते. आपण हाक दिली तर कोणी येईल असे त्या माणसाला वाटत नाही, आणि कोणी यावे इतकी आपली किंमत आहे असेही वाटत नाही. आम्ही हाकेची वाट पाहत बसलो, आणि तो आमच्या पावलांची. त्याने बरे झाल्यावर सांगितले की, आमचा उपदेश तो विसरून गेला होता, पण ओट्यावर कोणी येत नाही असे जे पंचवीस-तीस दिवस गेले, ते त्याला एकेक आठवतात.

मित्राच्या विषादाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे गीतेचा पहिला अध्याय. त्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असेच नाव आहे. अर्जुनाचा विषाद हा धर्मसंकटातून आलेला होता, तो आज आपण म्हणतो तसा आजार नव्हे. तरीही सख्याच्या वागणुकीचा एक धडा तेथे घेण्यासारखा आहे. हात कापत आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, धनुष्य गळून पडत आहे, असे अर्जुन सांगत राहतो, आणि त्या अध्यायात श्रीकृष्ण जवळजवळ काहीच बोलत नाहीत. सर्व ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते प्रथम निर्भर्त्सना करतात, हे दुबळेपण टाकून ऊठ असे सांगतात. तेवढ्याने अर्जुन उठला का? नाही. मी लढणार नाही असे म्हणून तो गप्प बसला. "मन घट्ट कर" हे वाक्य प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून आले तेव्हाही लागू पडले नाही, मग आमच्या तोंडून ते काय लागू पडणार! त्यापुढे सतरा अध्याय संवाद चालला. अर्जुन शंका विचारतो, श्रीकृष्ण उत्तर देतात, तो पुन्हा विचारतो, आणि रथ सोडून कोणी निघून जात नाही.

भोवती माणसे पुष्कळ असली म्हणजे एकटेपण नसते, हाही एक भ्रम आहे. साने गुरुजींइतका मित्रपरिवार महाराष्ट्रात फार थोड्यांना लाभला असेल. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, १९४८ च्या १५ ऑगस्टला 'साधना' सुरू केली. सेवादलाची हजारो मुले त्यांना आपले मानीत होती. तरी ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. त्यांच्या मनात काय चालले होते याचे निदान आज दुरून करणे हा अविनय होईल, आणि त्यांच्या सोबत्यांना दोष देणे हा अन्याय होईल. आम्ही एवढाच बोध घेतो की, दुसऱ्यांना हसविणारा, दुसऱ्यांसाठी झिजणारा मनुष्यही आतून खचलेला असू शकतो. तेव्हा "त्याला काय, त्याच्याभोवती सारखी माणसे असतात" असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये.

मग करावे तरी काय? याचे उत्तर आम्हाला पुस्तकातून मिळाले नाही. आमच्यातला जो सर्वांत अबोल, बैठकीत वर्षभरात दहा वाक्ये बोलणारा, त्याच्याकडून ते मिळाले. त्या वर्षीच्या पौषात तो एका गुरुवारी आमच्या मित्राच्या घरी गेला. "कसा आहेस" असेही त्याने विचारले नाही. जाताना तुरीच्या शेंगांची पाटी नेली होती, ती मध्ये ठेवून तो सोलत बसला. अर्ध्या तासाने मित्राचा हात पाटीकडे गेला. दोघांनी मिळून पाटी संपविली. उठताना हा म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो." आणि आला. तिसऱ्या गुरुवारी म्हणाला, "चल, बैलांना पाणी दाखवून येऊ." विहीर शंभर पावलांवर होती. तो कित्येक दिवसांनी तेवढे चालला. पुढच्या खेपेस बांधापर्यंत गेले. कापूस वेचण्याची गोष्ट कोणी काढली नाही, पण बांधावर उभे राहून दोघांनी शेत पाहिले.

या साध्या वागण्यात जे तत्त्व होते त्याला पुढे शास्त्राचाही आधार असल्याचे आम्हाला कळले. खिन्न मनुष्य काम सोडतो, त्यामुळे समाधानाचे प्रसंग कमी होतात, त्यामुळे खिन्नता वाढते, आणि तो आणखी काम सोडतो. असा हा रहाट उलटा फिरत असतो. मन बरे झाले की काम करीन, असे रुग्ण म्हणतो. परंतु पुष्कळदा क्रम उलट लावावा लागतो. आधी एक लहानसे, नक्की पार पडेल असे काम, मग त्याहून किंचित मोठे, आणि मन हळूहळू मागून येते. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची कसोशीने परीक्षा झाली. तीव्र खिन्नतेच्या सुमारे पाचशे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातील नेहमीचा उपचार मिळाला. दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ भेटी मिळाल्या. त्या भेटी घेणारे कोणी डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली, तेथलीच सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील शंभरापैकी ३९ जण आजाराच्या पकडीतून सुटले होते, आणि दुसऱ्या गटातील ६४. हा निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अर्थात मित्राची भेट म्हणजे उपचार नव्हे. तथापि धीराने, ठरल्या दिवशी, लहान कामाला हात लावणारी भेट किती मोलाची असते, हे यावरून समजते.

आपल्या जिल्ह्यातील लोकांना तर हे तत्त्व परके नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. विठ्ठल जनाबाईंना जात्यावर दळू लागला ही कथा घरोघरी सांगितली जाते. कथेतला देव जनीला धीर धर म्हणून सांगत नाही. तो येतो, खाली बसतो आणि जात्याच्या खुंट्याला हात घालतो. जाते तिचेच असते, पण ओढायला दोन हात झालेले असतात.

या भेटींतूनच पुढचा आणि अवघड प्रसंग आला. माघ महिन्यात एका संध्याकाळी विहिरीवरून परतताना आमच्या अबोल मित्राने थांबून विचारले, "जीव द्यावा असं येतं का रे मनात?" बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "रोज येतं." हा प्रश्न विचारायला आम्ही सगळेच भीत होतो. आपण विचारले तर नसलेला विचार मनात भरेल, अशी आमची समजूत. ही समजूत चुकीची आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने असा विचार वाढत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे बोलून दाखविण्याची मोकळीक मिळते, हे अभ्यासकांनी वारंवार पाहिले आहे. मात्र विचारले तर उत्तर ऐकण्याची तयारी हवी. "असं अभद्र बोलू नकोस" म्हणून तोंड दाबू नये, बायकोमुलांच्या शपथा घालू नयेत, आणि कोणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नये. मैत्रीतल्या गुप्ततेपेक्षा मित्राचा प्राण मोठा.

त्या रात्री आम्ही चौघेही त्याच्या घरी जमलो. घरात फवारणीच्या औषधाचे डबे होते, ते प्रथम उचलून आमच्यातल्या एकाच्या घरी कुलपात ठेवले. त्याला एकटे सोडायचे नाही असे ठरवून पाळ्या लावल्या. हे आम्हाला त्या वेळी सुचले ते भीतीपोटी, पण ते योग्यच होते. अब्राहम लिंकन यांच्या चरित्रात असाच एक प्रसंग आहे. १८४१ च्या जानेवारीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षात असताना, ते अत्यंत खिन्न झाले होते. स्प्रिंगफील्ड येथील त्यांचा मित्र जोशुआ स्पीड, ज्याच्या दुकानावरील खोलीत ते राहत असत, त्याने वस्तरे आणि चाकू त्यांच्या खोलीतून हलविले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिंकन केंटकीतील स्पीडच्या घरी गेले आणि काही आठवडे त्या कुटुंबात राहिले. विशेष हे की पुढल्याच वर्षी लग्नाच्या विवंचनेने स्पीडचे मन ढासळले, तेव्हा त्याला पत्रांमागून पत्रे लिहून धीर देणारे लिंकनच होते. मरणाची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसेल तर प्राण वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. कीटकनाशक राहत्या घरात न ठेवणे, ठेवले तर कुलपात ठेवणे आणि किल्ली दुसऱ्याकडे देणे, हे शेतकऱ्याच्या मित्राला सहज करता येण्यासारखे काम आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला परभणीस मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. "मी काय वेडा आहे का?" हा प्रश्न त्याने वाटेत दोनदा विचारला. आम्ही सांगितले, "डोळ्याच्या डॉक्टरकडे जाणारा आंधळा असतो का?" डॉक्टरांनी रक्त तपासले, कारण गलग्रंथीच्या विकाराने किंवा रक्त कमी असल्यानेही मनुष्य असा मंद आणि उदास होऊ शकतो. मग औषध सुरू झाले. येथे मित्रांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या औषधांचा गुण दिसायला सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोंड कोरडे पडणे, मळमळ, सुस्ती असा त्रास मात्र पहिल्या दिवसांतच जाणवतो. म्हणजे आधी त्रास, मग गुण. पुष्कळ रुग्ण नेमके या मधल्या दिवसांत औषध सोडतात. आमच्या मित्रानेही बाराव्या दिवशी गोळ्या फेकून देण्याची भाषा केली. त्याला तेव्हा गरज होती ती "आणखी दहा दिवस बघू, मी रोज येतो" असे म्हणणाऱ्याची. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते, आणि बंद करायचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. तारखेला सोबत जाणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले लक्षात ठेवणे, ही मित्राची खरी सेवा.

आतापर्यंत आम्ही पुरुषांबद्दल बोललो, कारण आमचा अनुभव तो होता. पण हे दुखणे स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते, बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर विशेष. आणि आपल्या समाजात स्त्रीचे मित्रमंडळ लग्नाबरोबर मागे राहते. तिच्या मैत्रिणी माहेरच्या गावी, आणि ही सासरी. तिला चहाच्या हॉटेलातली बैठक नसते. अशा वेळी शेजारीण, निंदणीला बरोबर जाणाऱ्या बाया, बचत गटातल्या सोबतिणी, गावची आशाताई, याच तिच्या मैत्रिणी. नवी बाळंतीण बाळाकडे पाहत नाही, सारखी रडते, रात्रंदिवस जागी असते, असे दिसले तर "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून सोडून देऊ नये. तिच्या पदरातले मूल तासभर आपल्याकडे घ्यावे, तिला झोपू द्यावे, आणि तिला दवाखान्यात नेण्याची गोष्ट सासूच्या कानावर घालावी. सुनेने जे सांगितलेले चालत नाही, ते शेजारणीने सांगितलेले पुष्कळदा चालते.

मित्रांच्या शक्तीला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. तेथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराची माहिती दिली आणि गरजूंना उपचारापर्यंत पोचविले. पूर्वी शंभर रुग्णांपैकी चारजण मदत घेत, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. नाशिक जिल्ह्यात पेठकडच्या गावांत 'आत्मीयता' या उपक्रमात गावकऱ्यांतूनच मित्र निवडून त्यांना ऐकून घेण्याचे शिक्षण दिले गेले. शासनानेही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला होता. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, मराठीतून, विनामूल्य बोलता येते, आणि रुग्णाचा मित्रही तेथे सल्ला विचारू शकतो. पोलिसांच्या भीतीने ज्या गोष्टी पूर्वी दडवल्या जात त्यांबाबत कायदाही बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे तो गृहीत धरतो, आणि त्याला शिक्षा नको, शुश्रूषा हवी, असे सांगतो. तेव्हा सारा भार एकट्या मित्राने उचलावा असे कोणी म्हणत नाही. आम्ही चौघे होतो म्हणून निभावले. एकट्याने तो भार वाहू गेलो असतो तर आमच्यातलाच कोणी थकून आडवा झाला असता. एकाने गुरुवार घ्यावा, दुसऱ्याने दवाखान्याची तारीख, तिसऱ्याने शेत, ही वाटणी उत्तम. आणि सर्व करूनही एखादा मित्र हातचा गेला, तर मागे राहिलेल्यांनी स्वतःला गुन्हेगार ठरवू नये. जिवापाड प्रयत्न करूनही काही आजार माणूस नेतात, तसाच हाही एक आजार आहे.

आमचा मित्र त्या उन्हाळ्यात सावरला. चैत्रात एका संध्याकाळी तो आपण होऊन हॉटेलात आला, कोपऱ्यात बसला आणि चहा घेऊन लवकर परतला. कोणी टाळ्या पिटल्या नाहीत, हे बरे केले. नकला करायला पुढची दिवाळी उजाडली. तीन वर्षांनी दुखणे पुन्हा उलटले, कारण ते उलटणारे आहे. पण त्या खेपेस पहाटेची झोप उडाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो स्वतः आमच्याकडे आला आणि म्हणाला, "परभणीला जायचं दिसतंय." ती हाक होती. पहिल्या खेपेस त्याला ती देता आली नव्हती. मधल्या वर्षांत आम्ही हाकेवाचून जात राहिलो, म्हणून दुसऱ्या खेपेस तिला वाट मिळाली, अशी आमची समजूत आहे.

या व्याख्यानमालेच्या दिवसांत सुगी आटोपलेली असते, हातात थोडा मोकळा वेळ असतो. आपल्या नेहमीच्या बैठकीत, भजनात, शेजारच्या ओट्यावर, गेल्या पंधरा-वीस दिवसांत कोण दिसलेले नाही, ते एकदा आठवून पाहावे. एखादे नाव आठवेल. त्या घरी उद्या जावे. सांगण्यासारखे काही सुचत नसेल तर सोलायच्या शेंगांची पाटी न्यावी, आणि निघताना पुन्हा केव्हा येणार तो वार सांगून यावे. त्या वारी मात्र न चुकता जावे.